मदत हवी आहे: बाबांचा गजर वाजतो, बंदही होतो, गोळी मात्र तशीच

नमस्कार मंडळी,

बाबा ६८ वर्षांचे, बेस्टमधून निवृत्त. पावसाळ्याच्या तोंडावर हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. आता तब्येत बरी आहे. आई-बाबा लालबागला चाळीत, मी मुलुंडला आणि नोकरी फोर्टला. रोज तिकडे डोकावणं जमत नाही म्हणून त्यांच्या फोनवर गोळ्यांचे गजर लावून दिले, आणि तिथेच गाडी अडली आहे.

सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल. नाश्त्यानंतर बीपीची गोळी आणि रक्ताची गुठळी होऊ न देणारी टिकाग्रेलोर ९०. दुपारी जेवल्यावर अ‍ॅस्पिरिन ७५. रात्री आठला पुन्हा टिकाग्रेलोर, झोपताना कोलेस्टेरॉलची एटोरवास्टॅटिन. पाच गजर झाले, वर चालायला जायचा सहावा. फोन आहे की देवळातली घंटा!

सकाळी आई समोर असते, त्यामुळे तेव्हाचं सगळं सुरळीत होतं. घोळ रात्री आठचा. आई भजनाला गेलेली, बाबा खाली कट्ट्यावर. गजर खिशात वाजतो, बाबा बोलता बोलता खिशातच तो दाबून टाकतात. गोळी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वर येईपर्यंत विषय डोक्यातून गेलेला असतो. फोन केला तर "घेतली गं" हे ठरलेलं उत्तर. मी स्ट्रिपच्या पाठीमागे पेनाने 'स' आणि 'रा' लिहून ठेवते. रविवारी जाऊन बघितलं तर 'स'ची सगळी फोडलेली आणि मधूनमधून 'रा' जागच्या जागी. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं की ही गोळी वर्षभर तरी मनाने बंद करायची नाही, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. म्हणून जीव टांगणीला लागलाय.

आधी एक अ‍ॅप टाकून दिलं होतं. त्याचं नोटिफिकेशन फोन सायलेंटवर असला की वाजत नाही, आणि कर्जवाल्यांच्या फोनला कंटाळून बाबा तो कायम सायलेंटवरच ठेवतात. शिवाय बॅटरी वाचवायच्या नादात फोन ते अ‍ॅपच झोपवून टाकतो. घड्याळातला साधा गजर सायलेंटवरही वाजतो, पण तो कुणी बंद केला आणि पुढे गोळी पोटात गेली का, हे त्याला काय कळणार?

बाबांनी गोळी घेतल्याची नोंद केली नाही तर मला कळेल अशी काही सोय आहे का? आणि कुणी हे घरात भांडण न होता जमवलंय का? परवाच ऐकून घेतलं, "मला काय बालवाडीत घातलंय का?"

प्रतिसाद १

मेडिसेफ नावाच्या अ‍ॅपमध्ये घरच्या माणसाला जोडता येतं, गोळीची नोंद झाली नाही की त्याला निरोप जातो. फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन काढायला विसरू नका. पण खरं सांगू? "घेतली" बटण दाबायला गोळी घ्यावी लागत नाही. आमच्या सासऱ्यांनी ते दोन दिवसांत ओळखलं. शेवटी रात्रीची एक गोळी छोट्या डबीत घालून ती शर्टाच्या खिशात ठेवायला लागलो, चष्म्याबरोबर. गजर वाजतो तिथेच गोळी हवी.

प्रतिसाद २

मी फार्मासिस्ट आहे. अ‍ॅप शोधण्याआधी गजर कमी करा. एटोरवास्टॅटिन दिवसात कधीही घेतली तरी चालते, फक्त वेळ रोज तीच ठेवायची. म्हणजे ती आठच्या गोळीबरोबर जाऊ शकते. अ‍ॅस्पिरिन नाश्त्यानंतर घेतली तर चालेल का हेही विचारा. पाचाचे तीन झाले तर माणूस ऐकतो. मात्र हे फेरबदल डॉक्टरांना दाखवून करा. रात्रीची गोळी चुकते हेही त्यांना स्पष्ट सांगा. दिवसातून एकदाच घ्यायची पर्यायी गोळी असते, बाबांना ती चालेल की नाही हे तेच ठरवतील.

टिकाग्रेलोर चुकली तर पुढची ठरल्या वेळेला एकच घ्यायची, भरपाई म्हणून दोन नाहीत. आणि बाबांना सहज विचारून बघा, ती घेतल्यावर धाप लागल्यासारखं होतं का? हा तिचा ठाऊक असलेला त्रास आहे. पुष्कळ लोक त्यापायीच गुपचूप गोळी टाळतात, आणि घरच्यांना वाटतं विसरले. पण छातीत दुखायला लागलं किंवा एकदम दम लागला तर औषधाचा त्रास असेल म्हणून थांबू नका, सरळ १०८.

आठवणीच्या निरोपांचा उपयोग नाही असं नाही. सिडनीत हृदयरोगाच्या ७१० रुग्णांवर 'टेक्स्ट मी' नावाचा अभ्यास झाला, २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सहा महिने आठवड्याला चार एसएमएस जायचे: आहार, चालणं, सिगारेट सोडणं. त्यांचं कोलेस्टेरॉल आणि बीपी बाकीच्यांपेक्षा आटोक्यात राहिलं. त्या निरोपांत सल्ला होता, धीर होता. नुसती घंटा नव्हती.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. धापेचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गेल्या आठवड्यात जिना चढून आल्यावर बाबा बराच वेळ दारातल्या खुर्चीत बसून होते, मी ते वयावर ढकललं. आज रात्री फोनवर गोळीऐवजी तेच विचारते आणि उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करते. आठचा गजर आता आईच्या फोनवरही लावते. भजनात वाजला तर मंडळातल्या बायका बाबांची खबर घेतील, तो मान त्यांचाच.

दादरला चांगल्या झाकणाची, खिशात मावेल अशी डबी कुठे मिळेल?