लॅपटॉपच्या आयातीला परवाना: अट हवी की नको?

घाटमाथा (धागालेखक)

३ ऑगस्ट २०२३ रोजी परकीय व्यापार महासंचालनालयाने लॅपटॉप, टॅबलेट, ऑल-इन-वन संगणक, अगदी लहान आकाराचे संगणक आणि सर्व्हर यांच्या आयातीवर तत्काळ निर्बंध घातले. परवाना असल्याखेरीज माल सोडवता येणार नाही, असे ठरले. दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी ऑक्टोबरअखेरपर्यंत पुढे गेली आणि १९ ऑक्टोबरला त्या परवान्याची धार बोथट करणारी ऑनलाइन ‘आयात व्यवस्थापन प्रणाली’ जाहीर झाली. धोरणाचा हेतू काहीही असो, ज्याचा माल त्या दिवशी जहाजावर होता त्याला हा निर्णय कसा वाटला असेल, याचा विचार करावा. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसच्या संस्थापकांनी एका संगणकाच्या परवान्यासाठी दिल्लीच्या किती खेपा घातल्या, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितले आहे. तो काळ मागे टाकायला १९९१चे आर्थिक उदारीकरण उजाडावे लागले. परवान्याची अट नकोच, असे माझे मत आहे.

सोल्डरगन

आपण दिल्लीच्या खेपा सांगितल्या, पण मूळ अडचण सांगितली नाही. देशी उत्पादनाला आडोसा द्यायचा तर सरळ मार्ग सीमाशुल्काचा असतो आणि संगणकांच्या बाबतीत तो आपण १९९७ मध्येच बंद करून घेतला आहे, कारण जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारानुसार संगणकावर शून्य शुल्क ठेवण्यास भारत बांधील आहे. मोबाइल फोनवर आपण शुल्क लावले, तेव्हा युरोपीय संघ, जपान आणि तैवान यांनी तक्रारी केल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये निवाडा आपल्या विरोधात गेला. पुढच्याच महिन्यात संगणक उत्पादनासाठी १७,००० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. तयार लॅपटॉप, त्यातही बहुतांश चीनमधून, शून्य शुल्काने येत राहिला तर त्या पैशातून कारखाने उभे राहतील कसे? दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहण्याचे फळ पुणेकरांना तरी ठाऊक असावे: अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला, म्हणून तर पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये ‘परम’ हा देशी महासंगणक उभा राहिला.

घाटमाथा

‘परम ८०००’चे उदाहरण तुमच्याच अंगावर येते. त्यातले ट्रान्सप्युटर, म्हणजे गणन करणाऱ्या प्रोसेसर चिप, इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे होते. रचना आणि सॉफ्टवेअर आपले, सुटे भाग बाहेरचे. बाहेरचा माल वेळेवर मिळाला म्हणूनच देशी यंत्र झाले, अडवून ठेवल्यामुळे नव्हे.

दुकान लॅमिंग्टन रोड

तुमच्या करारांतले मला फारसे कळत नाही, पण त्या ऑगस्टमधला आठवडा आठवतो. वितरकाला भाव विचारला की ‘उद्या सांगतो’ एवढेच उत्तर मिळे, कारण त्यालाही वरून भाव येत नव्हता. गणपती तोंडावर, महाविद्यालये सुरू झालेली, आणि गिऱ्हाईक दारातून परत जात होते. टंचाई प्रत्यक्षात आली नाही, हे खरे. तिच्या नुसत्या चाहुलीनेच आमचे नुकसान केले.

सोल्डरगन

आपला त्रास मान्य आहे, आणि एका दिवसात अधिसूचना काढून दुसऱ्या दिवशी ती पुढे ढकलणे हा गलथानपणाच होता. मात्र अट काय होती, तेही पाहावे. सुटे भाग तिच्या बाहेर होते, म्हणजे बोर्ड आणि रॅम आणून आपण पूर्वीप्रमाणेच डेस्कटॉप जोडून विकू शकत होता. स्वतःसाठी कुरिअरने एक नग मागवायला सवलत होती, संशोधन आणि चाचणीसाठी एका खेपेत २० नगांपर्यंत सूट होती.

घाटमाथा

मग हेही पाहा: १ नोव्हेंबरला प्रणाली सुरू झाली आणि लगेच शंभराहून अधिक अर्ज मंजूर झाले, त्या मंजुरीची मुदतही आधी ३० सप्टेंबर २०२४ होती ती पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. ज्याने मागितले त्याला मिळत असेल तर ती नोंदवही झाली, परवाना नव्हे. नोंदवहीच हवी असेल, तर चिपच्या आयातीसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये देखरेख प्रणाली सुरू झालीच होती: ऑनलाइन माहिती भरा, नोंदणी क्रमांक आपोआप घ्या. लॅपटॉपलाही तीच लावावी.

सोल्डरगन

तिथेच आपले मतभेद आहेत. आपोआप मिळणाऱ्या क्रमांकात ‘नाही’ म्हणण्याची सोय नसते. बँकेत किंवा वीज मंडळात बसणारा सर्व्हर कुठून आला, या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर तो अडवण्याचा अधिकार सरकारच्या हाती असायला हवा. लॅपटॉप वगळून ही अट फक्त सर्व्हरपुरती ठेवली, तर माझी हरकत नाही.

दुकान लॅमिंग्टन रोड

तसे झाले तर माझीही नाही. सर्व्हर मी विकतच नाही.