साथीत इस्पितळात भरती: मदतनीसाला आत घेत नाहीत, फाइलमध्ये नेमकं काय लिहावं?

उंबरठा (धागाकर्ता):

साथ आली की अपंग माणसाची दोन ठिकाणी कोंडी होते. घरी येणारा मदतनीस आजारी पडतो, आणि स्वतःला भरती व्हावं लागलं तर दारावर 'सोबत कुणीही नको' अशी पाटी असते. पुढच्या वेळेसाठी एक फाइल तयार करतो आहोत. ती दाराजवळ टांगून ठेवायची, रुग्णवाहिका आली की उचलायची. सध्याचा मसुदा अकरा पानी आहे: निदान, औषधं, जुने रिपोर्ट, अपंगत्वाचा दाखला, दिनक्रम. डोळ्यासमोर तीन प्रकारचे लोक आहेत: मानेच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झालेले, बायपॅपवर (मास्कमधून दाबाने हवा देणारं श्वासाचं यंत्र) झोपणारे आणि कर्णबधिर.

विचारायचं ते असं. मदतनीसाला आत घ्यावं हे कोणत्या शब्दांत लिहिलं तर चालतं? खुर्ची आणि बायपॅप सोबत न्यायचे का, आणि पुसायचे कशाने? समोरचा डॉक्टर मास्कमध्ये असताना कर्णबधिर रुग्णासाठी खरोखर उपयोगी पडणारा उपाय कोणता? आणि कायद्याचा आधार कोणता द्यावा?

रात्रपाळी:

अकरा पानं कुणी वाचणार नाही. साथीत एकेका नर्सकडे नेहमीपेक्षा जास्त खाटा असतात, अंगावर पीपीई, चष्म्यावर वाफ. एकच पान ठेवा, दोन्ही बाजूंनी छापलेलं, १४ पॉइंटपेक्षा लहान अक्षर नको, पुसता येईल अशा प्लास्टिकच्या पाकिटात. संसर्ग कक्षात गेलेला कागद सहसा परत येत नाही, म्हणून दोन प्रती काढा आणि तिसरी फोटो म्हणून फोनमध्ये ठेवा. उरलेली दहा पानं मागे जोडा, ज्याला हवी तो उघडेल.

पानाच्या माथ्यावर निदान नको. 'काय झालं नाही तर काय बिघडेल' हे तिथे हवं. मज्जारज्जूच्या इजेत सगळ्यात वर त्या माणसाचं नेहमीचं बीपी लिहा. मानेतल्या इजेत वरचा आकडा ९० ते ११० असणं नेहमीचंच. तोच १४० झाला तर वॉर्डात कुणी दचकत नाही, पण या माणसासाठी ती आणीबाणी असू शकते. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात त्याला: सहाव्या वक्षीय मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असेल तर होतो. डोकं ठणकतं, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटतो, चेहरा लाल होतो, वरचं बीपी नेहमीपेक्षा २० ते ४० ने चढतं. काय करायचं ते क्रमाने लिहा: बसतं करा, पाय खाली सोडा, पट्टे आणि कपडे सैल करा, कॅथेटरची (लघवी काढायची) नळी कुठे पिळली आहे का आणि पिशवी भरली आहे का ते बघा. मग शौच अडकली आहे का ते. एवढ्यावर उतरलं नाही तर औषध.

हे साथीत जास्त महत्त्वाचं, कारण श्वसनाच्या आजारात रुग्णाला तासन् तास पालथं झोपवतात. व्हेंटिलेटरवर असेल तर सलग १६ तास. पालथं केलं की नळी अंगाखाली जाते, पिळली जाते, आणि वरचं सगळं नाटक सुरू होतं. 'पालथं केल्यावर नळी मोकळी आहे का बघा' ही ओळ ठळक करा. गुडघे, ओटीपोटाची हाडं आणि गाल इथली कातडीही तपासायला सांगा. संवेदना नसल्यामुळे रुग्ण स्वतः तक्रार करणार नाही. जन्मजात स्पायना बायफिडा (पाठीचा कणा नीट न जुळणं) असेल तर 'लॅटेक्सचे हातमोजे नकोत' हे लाल अक्षरात. या गटात लॅटेक्सची ॲलर्जी पुष्कळ आढळते.

आता मदतनीस. 'नातेवाइकाला सोबत राहू द्यावे' असं लिहिलंत की ती विनंती झाली, आणि दारावरच्या माणसाच्या लेखी हा झाला भेटायला आलेला पाहुणा. पाहुण्याला नाही म्हणायचा नियम त्याच्या हातात आहे. म्हणून नातं लिहूच नका, काम लिहा आणि वेळ लिहा:

'दर २ तासांनी कूस बदलणे. पोटावर दाब देऊन खोकायला मदत. घंटेचे बटण दाबता येत नाही, नर्सला बोलावणे. पाणी पाजणे, मान या कोनात ठेवून.' (इथे कोनाचा फोटो.)

आणि खाली एकच वाक्य: 'मदतनीस आत घेणे शक्य नसल्यास वरची कामे प्रत्येक पाळीत कोण करणार ते लिहून द्यावे.' बहुतेक वेळा गाडी इथेच पुढे सरकते, कारण पाळीप्रमुखाला तेवढी माणसं देणं शक्य नसतं हे त्यालाच ठाऊक असतं.

बदल्यात तुम्हीही अटी स्वतःहून मांडा. माणूस एकच, लक्षणं नसलेला, वॉर्डाबाहेर न फिरणारा, पीपीई घालायला आणि विशेषतः काढायला शिकलेला. काढताना हात तोंडाकडे जातो, धोका तिथे आहे.

पानापक्कड:

वरच्या पानावर +१. माझ्या विषयापुरतं लिहितो.

खुर्ची: मॅन्युअल असेल तर न्या. इलेक्ट्रिक खुर्ची रुग्णवाहिकेत बहुधा घेत नाहीत, पण तिच्यावरची गादी न्यायलाच हवी. इस्पितळाच्या साध्या खुर्चीवर काही तास बसूनही बेडसोअर सुरू होऊ शकतो. गादीवर आणि खुर्चीवर पक्क्या शाईने नाव घाला, खाली 'इतर रुग्णांसाठी वापरू नये' हेही, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती एक्स-रे विभागात सापडते. इलेक्ट्रिक खुर्ची घरी राहिली तर बॅटरीचं बघा. लेड-ॲसिड किंवा जेल बॅटरी आठवडेच्या आठवडे उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आत सल्फेट धरतं आणि क्षमता कायमची घटते. शेजाऱ्याला आठवड्यातून एक रात्र चार्जर लावायला सांगून ठेवा.

पुसणं: आधी साबणपाणी, मगच जंतुनाशक. मळ असेल तर हायपोक्लोराइट (ब्लीचमधलं जंतुनाशक) मळावरच खर्ची पडतं. ०.१ टक्का द्रावण पुरतं: ५ टक्के ब्लीच २० मिली, पाणी ९८० मिली. रोज ताजं करा. पृष्ठभाग निदान १ मिनिट ओला राहायला हवा, मग साध्या पाण्याने पुसा, नाहीतर ॲल्युमिनियमवर आणि बेअरिंगच्या कडेला गंज-खड्डे पडतात. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड किंवा अमोनियाचा क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

जॉयस्टिकवर ब्लीच नको आणि कसलाही फवाराही नको. पाणी रबरी टोपीखालून सर्किटपर्यंत उतरतं आणि खुर्ची स्वतःच्या मनाने चालू लागते. खुर्ची बंद करा, ७० टक्के अल्कोहोल फडक्यावर घ्या, फडकं पिळा, पुसा. चाकाच्या बाहेरच्या ढकलण्याच्या कड्या धातूच्या असतील तर अल्कोहोल चालतं. रबराचं आवरण असेल तर ते कडक होऊन तडकतं, तिथे साबणपाणीच. रबरी हवेच्या गादीलाही तेच. लोक सगळी खुर्ची चकाचक करतात आणि ब्रेकची मूठ विसरतात, जिला दिवसभर हात लागतो.

बायपॅप: हा सगळ्यात गुंतागुंतीचा भाग. घरच्या मास्कला बारीक छिद्रं असतात. उच्छ्वास तिथून खोलीत सुटतो, विषाणूसकट. म्हणून वॉर्डात घरचं मशीन नको म्हणतात. तडजोड अशी: छिद्रं नसलेला मास्क, त्याला लागून व्हायरल फिल्टर, फिल्टरच्या पुढे मशीनच्या बाजूला उच्छ्वासाचं पोर्ट, मग नळी. क्रम चुकवू नका. छिद्रं नसलेला मास्क लावला आणि पोर्ट बसवायचं राहिलं, तर माणूस स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा पुन्हा ओढत राहतो. आणि तो गुंगीत गेला की 'आजार वाढला' असं समजलं जातं. ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) चालू असेल तर फिल्टर ओला होऊन श्वास जड जातो. रोज बदला, ओला वाटला तर त्याआधीच. पानावर मशीनचे आकडे लिहा: आत घेतानाचा दाब, सोडतानाचा दाब, बॅकअप रेट (माणसाने स्वतः श्वास घेतला नाही तरी यंत्र मिनिटाला किती श्वास देतं). आणि मोठ्या अक्षरात: 'फक्त ऑक्सिजन देऊन भागणार नाही.' स्नायूंच्या दुबळेपणात श्वास भरायलाच जोर नसतो. नुसता ऑक्सिजन दिला की बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा छान दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो.

ओठवाचक:

कर्णबधिर म्हणजे पारदर्शक मास्क, असं सरसकट धरू नका. ओठ वाचणाऱ्याला तो उपयोगी. पण जो ओठ वाचत नाही, फक्त श्रवणयंत्रावर ऐकतो, त्याचं नुकसानच होतं, कारण प्लास्टिकची खिडकी उंच पट्टीचे आवाज पातळ सर्जिकल मास्कपेक्षा जास्त अडवते. स, श, फ गळून पडतात. त्यामुळे पानावर 'कर्णबधिर' एवढंच लिहिणं निरुपयोगी आहे. 'ओठ वाचतो', 'खाणाखुणांची भाषा वापरतो', 'लिहिलेलं वाचतो' यांतलं जे खरं ते लिहा. खुणांची भाषा मातृभाषा असलेल्या प्रत्येकाला लिहिलेलं मराठी सराईत वाचता येतं, हाही गैरसमजच.

दुभाषी व्हिडिओवर असेल तर त्याने मास्क लावायचा नाही. भुवया आणि तोंड हा त्या भाषेच्या व्याकरणाचाच भाग आहे. फोन हातात धरून चालत नाही, रुग्णाचे दोन्ही हात बोलायला मोकळे हवेत. खाटेच्या कठड्याला अडकवायचा लवचीक स्टँड पिशवीत ठेवा. सलाइन लावताना सवयीचा हात सोडून दुसऱ्या हाताला लावा, हेही लिहा. याचा कुणी विचारच करत नाही. बोलणं लिहून दाखवणारं ॲप वापरायचं असेल तर भाषेचा ऑफलाइन भाग आधी उतरवून घ्या, वॉर्डात नेट असेलच असं नाही.

श्रवणयंत्र मास्कच्या कानातल्या दोरीबरोबर उडून जातं. डोक्यामागे बांधायचा मास्क घ्या, किंवा दोऱ्या मागे पट्टीच्या बटणांना अडकवा. बॅटरीचा क्रमांक (१०, १३, ३१२, ६७५) पानावर. कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) असेल तर एमआरआयच्या आधी विचारणे, हे लाल रंगात.

कलमदान:

दारावर कायद्याची भाषा सुरू केली तर समोरचा फक्त वरिष्ठांना फोन करतो. म्हणून कलमं मागच्या बाजूला, चार ओळींत.

संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार १३ डिसेंबर २००६ ला स्वीकारला गेला आणि ३ मे २००८ पासून लागू आहे. तुमच्या कामाची कलमं तीन. कलम ११: संकटकाळात अपंग व्यक्तींचं संरक्षण. कलम २५ (एफ): अपंगत्वावरून उपचार किंवा अन्नपाणी नाकारायला मनाई. आणि कलम २: वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव. मदतनीसाचा मुद्दा या तिसऱ्यात बसतो, 'भेटीच्या वेळा' या नियमात नाही.

दाखले हवे असतील तर दोन-तीन पुरेत. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात ९ जून २०२० ला तक्रारींचा निपटारा होऊन अपंग रुग्णांना मदतनीस आत नेता यावा अशी व्यवस्था करावी लागली. ब्रिटनमध्ये २० मार्च २०२० च्या अतिदक्षता मार्गदर्शनात कुणाला अतिदक्षतेत घ्यायचं ते ठरवताना सगळ्या प्रौढ रुग्णांना ९ पायऱ्यांची फ्रेल्टी (दुर्बलता मोजायची) पट्टी लावायला सांगितलं होतं. कपडे घालायला मदत लागते म्हणून तिशीतला सेरेब्रल पाल्सीचा माणूस त्यावर मरणासन्न म्हाताऱ्यांच्या जवळ जाऊन बसतो. पाच दिवसांत, २५ मार्चला, दुरुस्ती करावी लागली: ६५ वर्षांखालच्यांना आणि स्थिर, दीर्घकाळच्या अपंगत्वाला ही पट्टी लावू नये. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ ला संसदेला बजावलं की व्हेंटिलेटर कुणाला द्यायचा हे ठरवताना अपंग माणूस डावलला जाऊ नये याची तरतूद विनाविलंब करा.

यातून फाइलसाठी एक ओळ निघते: 'मदत लागते ती स्थिर अपंगत्वामुळे, या आजारामुळे नव्हे. आजारापूर्वीची स्थिती अशी:' आणि पुढे दोन वाक्यं, कामधंदा धरून. सोबत चांगल्या दिवसातला एक फोटो. नकार मिळालाच तर तोंडी घेऊ नका. नाव, हुद्दा, वेळ आणि कारण कागदावर मागा.

उंबरठा:

अकरा पानं रद्द. पण घरचा भाग राहिला. मदतनीसच आजारी पडला तर?

रात्रपाळी:

कामांची यादी किती वेळ थांबू शकतात त्यावरून करा. चार तास न थांबणारी: श्वासाचं यंत्र, कफ, कूस बदलणं, पाणी, आणि नळी घालून लघवी काढायची असेल तर तीही (दर ४ ते ६ तासांनी, एका वेळी ५०० मिलीच्या वर साठू देऊ नये). दिवसभर थांबणारी: शौचाचा कार्यक्रम, कपडे. आठवडाभर ढकलता येणारी: डोकं धुणं, झाडलोट. बदली माणूस फक्त पहिल्या यादीसाठी हवा. तेवढं दोन-तीन दिवसांत शिकवता येतं, आणि मग 'सगळं यायला हवं' म्हणून कुणी मागे हटत नाही.

बदली माणसं दोन, वेगवेगळ्या घरांतली. नेहमीच्या मदतनीसाच्या नवऱ्याला बदली ठेवलंत तर दोघं एकदमच तापाने पडणार. प्रत्येकाने प्रत्येक काम नेहमीच्या माणसासमोर एकदा तरी स्वतःच्या हाताने केलेलं असावं. नुसतं बघून कूस बदलता येत नाही, खांदा निखळतो.

सामान १४ दिवसांचं बाजूला. दिवसाला ५ कॅथेटर म्हणजे ७०, वर १० जास्त, कारण घाईत खाली पडतात. हा साठा वेगळा लपवून ठेवू नका. नवीन आलेलं मागे लावा, पुढचं वापरा, नाहीतर गरजेच्या दिवशी मुदत उलटलेली निघते.