मदत हवी आहे: पौरोहित्य नको, पण धर्माचा अभ्यास हवा. अमेरिकेत कोणती पदव्युत्तर पदवी घेऊ?

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहते, वय चाळिशीच्या अलीकडे. पुण्यात एम.एस.डब्ल्यू. केलं, लग्नाआधी काही वर्षं कॅन्सरच्या रुग्णालयात समाजसेविका होते. सध्या एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) आहे आणि इथल्या एका हॉस्पिसमध्ये (शेवटच्या आजारातल्या रुग्णांना सांभाळणारी संस्था) स्वयंसेवक म्हणून जाते. 'चॅप्लन' नावाचा माणूस नेमकं काय करतो ते मला तिथे कळलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रुग्णालय, हॉस्पिस, विद्यापीठ, तुरुंग, सैन्य अशा ठिकाणी हा माणूस नोकरीला असतो. परंपरा मूळची ख्रिस्ती, पण आजचा रुग्णालयातला चॅप्लन प्रवचन झोडत नाही की कुणाला आपल्या पंथात ओढत नाही. पेशंट ज्यू असो की नास्तिक, त्याला आतून काय खातंय ते ऐकून घ्यायचं, घरच्यांना सांभाळायचं, आणि मागितला तर त्याच्या धर्माचा माणूस गाठून द्यायचा. मेडिकेअरच्या (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) नियमांत हॉस्पिसच्या टीममध्ये डॉक्टर, नर्स आणि सोशल वर्करच्या जोडीला असा एक समुपदेशक धरलेला आहे. त्यामुळे निदान कागदावर तरी नोकऱ्या आहेत.

हे डोक्यात शिरलं ते एका मराठी आजोबांमुळे. शेवटी शेवटी त्यांचं इंग्रजी पार सुटलं होतं. आमच्या चॅप्लनबाई मेथॉडिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ), अतिशय मायाळू. त्यांनी बिचारीने गीतेचे श्लोक इंग्रजीत छापून आणले आणि वाचले. आजोबांना हवा होता हरिपाठ. माझ्या माहेरी वारी आहे, त्यामुळे मला तो पाठ होता, म्हटला. पण मग त्यांचा मुलगा बाहेर येऊन म्हणाला, "बाबा आणि मोठा भाऊ कित्येक वर्षं बोलत नाहीत. आता त्याला बोलवू की नको? आणि नाही आला तर बाबांना काय सांगू?" तिथे हरिपाठ पुरला नाही आणि माझं एम.एस.डब्ल्यू.सुद्धा. चॅप्लनबाईंना मात्र ते जमलं. त्यांनी मुलाला काहीही सल्ला न देता तासभर बोलतं ठेवलं.

तर मला हे रीतसर शिकायचंय. आतापर्यंत जे वाचलंय ते असं: हार्वर्ड डिव्हिनिटी स्कूल १८१६ सालचं आहे आणि तिथे एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी, मूळची पाद्री घडवणारी पदवी) कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याला करता येतं. ते तीन वर्षांचं, त्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव सक्तीचा. एम.टी.एस. (मास्टर ऑफ थिऑलॉजिकल स्टडीज) दोन वर्षांचं आणि जास्त अभ्यासकी. शिकागोच्या डिव्हिनिटी स्कूलचं एम.डिव्ह.ही असंच सर्वधर्मीयांना खुलं. न्यूयॉर्कचं युनियन सेमिनरी (धर्मशास्त्राचं कॉलेज) मला ट्रेनने जमू शकतं, तिथे आंतरधर्मीय अभ्यासाची सोय आहे. (रस्ता ओलांडला की कोलंबिया विद्यापीठ, जिथे बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले. प्रवेशाशी याचा काही संबंध नाही, पण मला छान वाटलं.) ड्रू विद्यापीठ तर न्यू जर्सीतच आहे, पण मुळात मेथॉडिस्ट.

आता अडचणी. एम.डिव्ह. घेऊ की एम.टी.एस.? एच-४ वर असताना प्रशिक्षण घेता येतं का? चॅप्लन म्हणून प्रमाणपत्र हवं तर आपल्या धर्मसंस्थेचं शिफारसपत्र लागतं म्हणे. वारकऱ्याला ते कोण देणार? आमच्यात माळ घातली की झालं, रजिस्टर कुठे असतं? आणि उद्या पुण्याला परतलो तर या पदवीचं काय करायचं?

घरची परिस्थिती: सासूबाई विचारतात, "म्हणजे तू पाद्रीण होणार का?" आईने निवृत्तीनंतर ज्ञान प्रबोधिनीत पौरोहित्य शिकून घेतलंय, ती म्हणते आधी मंत्र नीट शीक. नवरा काही म्हणत नाही, तो फीचं पान उघडून बसलाय.

प्रतिसाद: आधी व्हिसा, मग वेदान्त

एच-४ वर पदवीचं शिक्षण घ्यायला काही आडकाठी नाही. गाडी अडते ती रुग्णालयातल्या रेसिडेन्सीत (चॅप्लनच्या प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण). तिथे स्टायपेंड मिळतो, म्हणजे ती नोकरी. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल तर एच-४ ईएडी (काम करण्याची परवानगी) काढता येईल. नसेल तर एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) जाऊन शिकणं हा मार्ग, पण पदवीनंतर ओपीटी (त्या व्हिसावर काम करायची मुभा) फक्त १२ महिने. पुढची २४ महिन्यांची मुदतवाढ स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, गणित वगैरे) विषयांना असते, धर्म त्यात बसत नाही. आर-१ हा धार्मिक कामाचा व्हिसा आहे, पण त्यासाठी आधी किमान दोन वर्षं त्या संप्रदायाचं सदस्यत्व दाखवावं लागतं. परत तुमचा तोच रजिस्टरचा प्रश्न. फी भरण्याआधी वकील गाठा.

प्रतिसाद: हेच काम करतो, म्हणून लांबलचक

मिडवेस्टमधल्या एका मोठ्या रुग्णालयात चॅप्लन आहे. ताई, तुम्ही पदवीकडे बघताय, पण खरं प्रशिक्षण सीपीईमध्ये होतं, म्हणजे क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन. एक युनिट ४०० तासांचं, आणि बोर्डाचं प्रमाणपत्र हवं असेल तर अशी चार. साधारणपणे एक युनिट शिकता शिकता करतात आणि उरलेली वर्षभराच्या रेसिडेन्सीत, रात्रपाळीसकट.

त्यात काय असतं? पेशंटशी झालेलं बोलणं आठवून शब्दशः लिहून काढायचं आणि ते चार-सहा सहकाऱ्यांसमोर वाचायचं. मग ते तुमची सालटी काढतात. "तो मृत्यूबद्दल बोलायला लागला तेव्हा तू हवापाण्यावर का गेलास?" मी इंजिनिअरिंगची तोंडी परीक्षा दिलेला माणूस, तरी घाम फुटला होता. ही पद्धत ज्याच्यापासून सुरू झाली तो अँटन बॉइसन स्वतः मनोरुग्णालयात पेशंट म्हणून राहिलेला होता. बरा झाल्यावर १९२५ साली वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात त्याने धर्मशास्त्राचे विद्यार्थी कामाला आणले. पुस्तकं वाचता तशी माणसं वाचायला शिका, हा त्याचा आग्रह.

पदवीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. रुग्णालयात काम करायचंय तर एम.डिव्ह. किंवा थेट चॅप्लनसीची एम.ए. घ्या. एम.टी.एस. उत्तम पदवी आहे, पण पीएच.डी.कडे किंवा पत्रकारिता, धोरण, स्वयंसेवी संस्थांकडे जाणाऱ्यांची. ती घेऊन चॅप्लन झालेले लोक आहेत, मात्र त्यांना वरून आणखी कोर्सेस जोडावे लागले. हार्टफर्ड इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीही बघा. पूर्वीचं हार्टफर्ड सेमिनरी, मुस्लिम चॅप्लन घडवण्यात हे लोक अमेरिकेत सगळ्यांच्या आधी होते. ख्रिस्ती नसलेल्या विद्यार्थ्याला काय अडचणी येतात हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. बर्कलेच्या ग्रॅज्युएट थिऑलॉजिकल युनियनमध्ये 'धर्म स्टडीज'चं, म्हणजे भारतीय धर्मपरंपरांच्या अभ्यासाचं, केंद्र आहे, पण तुम्हाला ते लांब पडेल. कुठेही जा, संस्थेची मान्यता आधी तपासा. नावात 'सेमिनरी' आहे आणि सगळं ऑनलाइन चार महिन्यांत होतं असं दिसलं की पळा.

शिफारसपत्राची अडचण खरी आहे. हिंदूंना चर्चसारखी वरपासून खालपर्यंत रचना नाही. पण वाट पडली आहे. अमेरिकन सैन्यात २०११ साली पहिल्या हिंदू चॅप्लन झाल्या त्या कॅप्टन प्रतिमा धर्म, त्यांना चिन्मय मिशन वेस्टने मान्यता दिली होती. प्रिन्स्टन विद्यापीठाने त्याआधीच, २००८ मध्ये, हिंदू चॅप्लन नेमला होता. उत्तर अमेरिकेतल्या हिंदू चॅप्लन लोकांची संघटनाही आहे, त्यांना मेल टाका, उत्तर देतात. फक्त हे शेवटच्या सेमिस्टरला सुरू करू नका. ज्या मंदिरात किंवा मंडळात जाता तिथे आतापासून दिसा, चार कामं करा. ओळख नसेल तर पत्र कोण देणार?

प्रतिसाद: एम.एस.डब्ल्यू. वाया का घालवता?

भारतातलं एम.एस.डब्ल्यू. इथे समकक्ष ठरवून घेता येतं, मग राज्याचा परवाना. हॉस्पिसमध्ये सोशल वर्करही लागतातच, नोकऱ्या त्यात जास्त. तीन वर्षं आणि एवढी फी घालून त्याच खोलीत, त्याच पेशंटजवळ दुसऱ्या खुर्चीवर बसायचंय का, हे आधी ठरवा.

प्रतिसाद: पुण्यात परतलात तर

नोकरी म्हणून हे पद आपल्याकडे मिशनच्या रुग्णालयांबाहेर सहसा दिसत नाही. वेल्लोरच्या सीएमसीत (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) चॅप्लनसीचा वेगळा विभाग आहे. महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवणाऱ्या मोठ्या संस्था आहेत. पुण्यातलं ज्ञानदीप विद्यापीठ १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून आलं, युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली यवतमाळहून. पण तुम्हाला जे हवंय ते तिथे तयार मिळणार नाही. हॉस्पिसचं काम मात्र जुनं आहे, वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून चालू आहे. उपशामक सेवेतल्या डॉक्टरांना अशा माणसाची गरज कळते, फक्त त्यासाठी पगाराचा रकाना नसतो. समुपदेशक म्हणून शिरावं लागेल, म्हणजे परत ते एम.एस.डब्ल्यू.च कामाला येईल.

प्रतिसाद: +१

वरच्या लांबलचक प्रतिसादाला अनुमोदन. आणि सासूबाईंना सांगा, पाद्रीणबाईंना सुट्टी नसते, ख्रिसमसला तर नाहीच.

धागाकर्ती:

सगळ्यांचे आभार, इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या खुर्चीचा प्रश्न झोंबला, पण योग्य आहे. माझं उत्तर सध्या असं: सोशल वर्करच्या खुर्चीवर मी बसले आहे. तिथे हातात फॉर्म असतो, विमा असतो, घरी ऑक्सिजन कधी पोचणार हे असतं. तेही कुणीतरी करायलाच हवं. पण त्या मुलाने जे विचारलं त्यासाठी त्या खुर्चीला वेळ मिळत नाही. त्यामुळे एम.टी.एस. बाद. आय-१४० अजून मंजूर नाही, म्हणून आधी वकील, आणि तोवर जवळपास कुठे सीपीईचं एखादं सुटं युनिट विनास्टायपेंड, उलट फी भरून, करता येतं का ते बघते.

मिडवेस्टवाल्या दादांना दोन प्रश्न. पदवीला प्रवेश घेण्याआधीच पहिलं युनिट केलं तर ते पुढे चार युनिटांत धरतात का? आणि मुलाखतीत 'तुमची आध्यात्मिक वाटचाल लिहा' असा निबंध मागतात, त्यात वारीबद्दल लिहिलं तर समोरच्याला कितपत कळतं? व्यनि केला आहे, पण इथेच लिहिलंत तर इतरांनाही उपयोग होईल.