अनुभव धागा: रस्त्यावर अनोळखी माणसांचे फोटो आणि नवशिक्याची भीड

मंडईकर
भाचीने नवा कॅमेरा घेतलाय. "मामा, कॅमेरा वर करायलाच हात धजत नाही" म्हणाली, त्यावरून जुने दिवस आठवले. तिच्यासाठी सगळ्यांनी लिहा.

माझं म्हणणं, आधी जागा निवडायची, माणूस नंतर. सकाळी आठच्या सुमाराला पुण्याच्या मंडईत ऊन तिरपं असतं. ऊन-सावलीची कड शोधायची, तिथून दोन मीटरवर उभं राहायचं, एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) उन्हावर घेऊन लॉक करायचं आणि थांबायचं. लोक आपणहून उजेडात येतात. तुम्ही आधीपासून तिथेच असता, त्यामुळे कोणी दचकत नाही. भीड लोकांना कळते ती बटणांशी चाललेल्या खटपटीवरून, म्हणून सेटिंग घरूनच करून निघा.

फोकसवाला
सेटिंग देतो. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती) १८ मिमीला, लेन्सचं छिद्र एफ/८, शटर १/५०० सेकंद. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) उन्हात २००, गल्लीच्या सावलीत १६००. दोन मीटरवरच्या खांबावर फोकस करून स्विच एमएफवर (हाताने फोकस) सरकवा, म्हणजे फोकस तिथेच राहतो. एपीएस-सी सेन्सरवर (नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत असतो तो) साधारण १ मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं स्वच्छ येतं.
मग झूमच्या कड्याला हात लावायचा नाही! ५५ मिमीला त्याच दोन मीटरवर जेमतेम ४० सेंमी पट्टा फोकसमध्ये राहतो. लाजाळू माणूस लांबून झूम करतो आणि नेमका तिथेच फसतो. शिवाय लांबून रोखलेली लेन्स लोकांना जास्त खटकते.

दादरकर
दादरच्या फुलबाजाराचं वेगळं. पहाटे सगळा कारभार एलईडीवर. सायलेंट (बिनआवाजाचं, इलेक्ट्रॉनिक) शटर लावलंत तर फोटोत आडवे पट्टे येणार. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. नेहमीचं मेकॅनिकल शटर, १/१०० सेकंद ठेवा. पाटीवाले हललेले येतील, पण बसून हार ओवणाऱ्या मावशी नीट येतात.
आणि कृपा करून वाटेत उभे राहू नका. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला थांबता येत नाही. खांबाला पाठ लावा.

स्वयंपाकघरातून
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. फोनवाल्यांसाठी: आधी लेन्स पुसा, तेलकट बोट लागलं की दिव्यांभोवती धुकं येतं. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस लॉक होतो. फोन छातीशी धरून आवाजाच्या बटणाने क्लिक. सावलीत फोन शटर आपोआप हळू करतो, मग चालणारा माणूस हललेला येतो. प्रो मोड (सेटिंग हाताने ठरवायचा) असेल तर शटर १/२५० ठरवून द्या.

फोकसवाला
@स्वयंपाकघरातून, छातीशी धरल्यावर फोनची लेन्स खाली कलते आणि डोकी कापली जातात. थोडा मागे सरकून काढा, नंतर क्रॉप करा.

तुळशीबाग
छातीशी धरून चोरून काढणं मला पटत नाही. कॅमेरा उघड डोळ्याला लावा. चोरून काढताना दिसलात की माणूस चिडणारच. "मावशी, एक काढू का?" विचारलं तर पहिला फोटो ताठ येतो हे खरं, पण लगेच निघू नका, तिथेच उभे राहा. गिऱ्हाईक आलं की त्या कामाला लागतात, तेव्हाचा फोटो घ्या. कोणी नको म्हटलं तर त्यांच्यासमोर डिलीट करायचा, फोनच्या ट्रॅशमधूनही. लहान मुलं असतील तर आईबापांना विचारल्याशिवाय नाहीच.

मंडईकर
@तुळशीबाग, अगदी मनातलं. भाचीला हेच आधी वाचायला देतो.

दादरकर
+१. आणि मावशींना ४×६ ची प्रिंट नेऊन द्या. पुढच्या खेपेला त्या स्वतःच शेजारणीला हाक मारतात, "हिचा पण काढ रे!"

नवीन सभासद
मंडईत गाडी कुठे लावायची?

मंडईकर
गाडी आणूच नका, मेट्रोचं मंडई स्टेशन आहे.

जुना रोलवाला
एक राहिलं. कॅमेऱ्याचा रंगीत, नाव छापलेला पट्टा काढून साधा काळा लावा. रस्त्यावरच्या फोटोंसाठी गाजलेले फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी चिकटपट्टी लावत असत. फोकसची बीप आणि अंधारात फोकसला मदत करणारा नारिंगी दिवाही मेनूत जाऊन बंद करा. अंधाऱ्या गल्लीत तो दिवा थेट समोरच्याच्या तोंडावर पडतो.

स्वयंपाकघरातून
हा दिवा कुठे बंद करतात? माझ्या मुलाच्या कॅमेऱ्यात सापडत नाहीये.

जुना रोलवाला
ताई, ऑटोफोकसच्या मेनूत "एएफ असिस्ट" नावाने शोधा.