को-ट्रान्सपोर्टरला 'सहवाहक' चालेल का?

गोदाकाठ: आशाताईंसाठी ओआरएसचं माहितीपत्रक मराठीत करतेय. जुलाबात साखर-मीठ दोन्ही का लागतं ते सांगायचंय. आतड्याच्या पेशीपटलात को-ट्रान्सपोर्टर नावाचं एक प्रथिन असतं, ते सोडियमचे २ आयन आणि ग्लुकोजचा १ रेणू जोडीनेच आत घेतं आणि त्यांच्यामागोमाग पाणी येतं. मी 'सहवाहक' लिहिलं तर एक ताई म्हणाल्या, म्हणजे गाडीत दोन कंडक्टर का? काय लिहू?

रंकाळा: वाहकच ठेवा. वाहून नेतो तो वाहक, इतका सरळ शब्द आहे, एसटीने तो तिकिटवाल्याला दिला म्हणून आपण का सोडायचा?

खडूफळा: मी अकरावीला शिकवते. वाहक म्हटलं की मुलं वहीत होडी काढतात, प्रथिन ग्लुकोज घेऊन पलीकडे निघालंय अशी. ते पटल सोडून कुठे जात नाही हो! बाहेरच्या बाजूने उघडतं, माल घेतं, मिटतं, मग आतल्या बाजूने उघडतं, दोन्ही दारं एकदम कधीच नाहीत. चॅनल या दुसऱ्या प्रकारच्या प्रथिनात मात्र आरपार वाट असते, पाण्यासाठी ॲक्वापोरिन तसंच, त्याच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३चं नोबेल मिळालं. म्हणून माझं मत 'दारप्रथिन'.

रंकाळा: दार मराठी, प्रथिन संस्कृत, कानाला खटकतं.

ऊसपट्टा: खटकू दे, कळतं ना? आणि सोडियम आत येतं कारण पेशीत ते कमी असतं, ते कमी ठेवतो सोडियम-पोटॅशियम पंप, एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. त्याला मी 'उपसा' म्हणेन. आमच्याकडे उपसा सिंचनात नदीचं पाणी वर चढवतात, तसंच हे उताराच्या उलट चाललेलं काम.

माडबन: उपसा म्हणजे चढवणं नव्हे! आमच्या कोकणात मे महिन्यात विहीर उपसतात, म्हणजे रिकामी करून गाळ काढतात. बाबा कमरेएवढ्या चिखलात उभे राहून घमेलं वर द्यायचे, आम्ही पोरं ओळीने पुढे सरकवायचो.

ऊसपट्टा: मग काढणं आलंच की त्यात, सोडियम बाहेरच काढतो तो.

माडबन: आणि पोटॅशियम आत घेतो त्याचं काय? विहीर उपसताना कोणी आत काही भरतं का?

गोदाकाठ: पंपाला पंपच लिहिलंय मी, तो ताईंना कळतो. सहवाहकाचं सांगा ना, शुक्रवारी छापायला द्यायचंय.

रंकाळा: उपसणेमधला 'उप' संस्कृतातला की वेगळा, कोणाला माहितीये का?