शब्दचर्चा : ‘कृत्रिम’ बुद्धिमत्ता, कार्बाइडची की आढीतली?

सड्यावरची :
येत्या रविवारी आमच्या गावच्या वाचनालयात एक साधं व्याख्यान आहे. बाहेरच्या फळ्यावर मी ठळक लिहिलं, ‘कृत्रिम बुद्धीमत्ता म्हणजे काय?’ शेजारच्या काकी पेपर चाळायला आल्या होत्या. फळा वाचून म्हणाल्या, “म्हणजे कार्बाइडची काय गो?”

तेव्हा हसले, पण घरी पोचेपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ‘कृत्रिम’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरतात. कृत्रिम पिकवलेला आंबा, कृत्रिम रंग, कृत्रिम हसू, कृत्रिम फुलं. सगळीकडे अर्थ एकच : दिसतं ते नाही.

पण बुडता माणूस किनाऱ्यावर आणला की त्याला कृत्रिम श्वास देतात, तो काय खोटा असतो? गाईला कृत्रिम रेतन करतात, होणारं वासरू पुरतं खरं असतं, दूधही देतं. तिथे ‘कृत्रिम’ फक्त रीत सांगतो, वस्तूबद्दल शंका घेत नाही. मग ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ यातल्या कुठल्या रांगेत बसवायची, फुलांच्या की वासराच्या? आणि दुसरा बरा शब्द आहे का?

निवृत्त मास्तर :
आधी फळा पुसा, बाई. ‘बुद्धी’ एकटी असली की दीर्घ, पण ‘बुद्धिमत्ता’त धि ऱ्हस्व, जसा ‘बुद्धिबळा’त. (निम्म्या पोस्टरांवर ‘बुध्दी’ असते. द आधी, ध नंतर!)

आता शब्दाकडे. ‘कृ’ धातूपासून ‘कृत्रिम’, म्हणजे करण्यातून निपजलेलं. पाणिनीने या घडणीसाठी खास सूत्रं दिली आहेत. मनुस्मृतीतल्या बारा प्रकारच्या पुत्रांत एक ‘कृत्रिम’ पुत्र आहे : पोटचा नव्हे, आपलासा केलेला, पण वारसा हक्काने सांगणारा. त्यात हिणवणं नाही. मराठीत मात्र पुढे ‘कृत्रिमी’ म्हणजे कावेबाज, कपटी असा अर्थ रुळला. तुमच्या काकींच्या कानात हा दुसरा अर्थ वाजला. चूक त्यांची नाही.

गंमत म्हणजे इंग्रजी नाव ठेवणाऱ्यांच्याही मनात हे दोन्ही होतं. संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी आणि तिघांनी 1955 साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या उन्हाळी बैठकीसाठी जो प्रस्ताव लिहिला, त्यात ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ (एआय) हे नाव आलं. बैठक 1956 ची. बुद्धीच्या प्रत्येक अंगाचं इतकं नेमकं वर्णन करता येईल की यंत्राकडून त्याचं अनुकरण करवून घेता येईल, असा त्यांचा दावा होता. अनुकरण! त्याआधी 1950 साली इंग्रज गणिती ॲलन ट्युरिंगने ‘यंत्र विचार करू शकेल का?’ हा प्रश्न मांडून लगेच बाजूला ठेवला आणि त्याजागी नकलेचा खेळ आणला : पडद्याआडून उत्तर देणारं यंत्र आहे की माणूस, हे ओळखता येतं का? म्हणजे फुलं की वासरू हा तुमचा प्रश्न त्याने सोडवला नाही, शिताफीने टाळला.

‘कृत्रिम प्रज्ञा’ असंही काहीजण लिहितात. मला जड वाटतं. स्थितप्रज्ञाची प्रज्ञा आणि फोटोतली मांजर ओळखणारं यंत्र, एका पंगतीत कशी बसणार?

आंबेवाला :
काकींच्या बाजूने दोन शब्द, आणि विरुद्धही.

आढी म्हणजे काय? गवतात आंबे रचायचे. आंबा स्वतःच इथिलीन वायू सोडतो, तो आढीत कोंडतो आणि रास पिकते. रायपनिंग चेंबरमध्ये (फळं पिकवायच्या बंद खोलीत) तोच इथिलीन बाहेरून सोडतात, 100 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत शंभर) कायद्याने मुभा आहे. ते ‘कृत्रिम’ खरं, पण आंबा पिकतो. कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन निघतो, त्यावर बंदी आहे. साल पिवळी धमक, कापला की आंबट. तेव्हा आमच्या धंद्यातच ‘कृत्रिम’ दोन तऱ्हेचं आहे.

आता माझा अनुभव. मोहोरावर फुलकिडी आली म्हणून मोबाइलवरच्या एका चॅटबॉटला मराठीत विचारलं. काय सुंदर उत्तर! प्रमाणसुद्धा दिलं, लिटरला किती मिली ते. औषधाचं नाव घेऊन दुकानात गेलो तर त्या नावाचं औषधच नाही. त्या दिवसापुरती तरी ती बुद्धिमत्ता कार्बाइडचीच होती.

सड्यावरची :
आंबेवाले, याला ही यंत्रं बनवणारे लोक ‘हॅल्युसिनेशन’ म्हणतात. मराठीत ‘भ्रम’ लिहिलेलं पाहिलं. पटत नाही. भ्रम व्हायला आधी खरं काही दिसावं लागतं. ही यंत्रं ढीगभर मजकुरावरून आतापर्यंतच्या शब्दांनंतर पुढचा तुकडा कुठला येण्याजोगा आहे ते काढत जातात. खरं उत्तर आणि खोटं उत्तर एकाच रीतीने तयार होतं.

आंबेवाला :
मग ‘थाप’ म्हणा.

निवृत्त मास्तर :
थापाड्याला खरं माहीत असतं. ‘बरळणे’ घ्या. तापात माणूस बरळतो, त्यात लबाडी नसते आणि वाक्यं व्याकरणात बसतातही.

सड्यावरची :
‘बरळणे’ झकास! पण बरळणारा ओळखू येतो, मास्तर. कपाळाला हात लावला की कळतं. आंबेवाल्यांना कुठे कळलं? ते थेट दुकानापर्यंत गेले. त्यांच्या बाजूने पाहिलं तर ‘चकवा’. रात्री सड्यावर (कातळाच्या माळावर) चकवा लागला की पायवाट अगदी ओळखीची वाटते आणि माणूस तिथल्या तिथेच फिरतो. यंत्र बरळतं, चकवा आपल्याला लागतो. दोन्ही शब्द ठेवूया.

रापणकार :
तुमचा चालू दे. माझो प्रश्न साधो : एआय इलो, इली की इला?

आणि सगळ्याक एआय म्हणा नको. हैदराबादच्या इन्कॉइस ह्या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचो मासळीचो अंदाज आमका कित्येक वर्षां येता. उपग्रहार पाण्याचा तापमान आणि हरितद्रव्य बघून खंय मासळी गावात ता सांगतत. तेका कोण एआय म्हणूक नाय. आता तोच नवीन वेष्टनात घालून कोणतरी विकतलो.

निवृत्त मास्तर :
बुद्धिमत्ता स्त्रीलिंगी, म्हणून ‘एआय आली’ हवं. पण माझा नातू ‘एआयने सांगितलं’ म्हणतो आणि ‘ने’ला लिंग नसतं. पोरगा हुशार.

आणि नवा शब्द आला म्हणून जुना जातोच असं नाही. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते, भाषाशुद्धीची चळवळ तिथूनच चालली. ‘तारीख’साठी ‘दिनांक’ हा शब्द त्यांचा. आज अर्जावर दिनांक आणि तोंडात तारीख, दोघांचंही बरं चाललं आहे.

सड्यावरची :
फळा बदलला. वर ‘एआय म्हणजे काय?’, खाली लहान अक्षरांत ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’, धि ऱ्हस्व. काकी वाचून म्हणाल्या, “बरा. पण कापून दाखवशात मां?”