मुलाला कॉलेजसाठी बास्केटबॉल खेळायचे आहे : प्रशिक्षकांची पत्रे, शिष्यवृत्ती आणि एच-४ व्हिसा

प्रश्न : एडिसनकर

आम्ही अकरा वर्षांपासून न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. पुण्याहून आलो तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता; आता त्याचे दहावीचे, म्हणजे इथल्या भाषेत सोफोमोरचे, वर्ष संपत आले आहे. उंची सहा फूट एक इंच. शाळेच्या व्हार्सिटी, म्हणजे मुख्य, संघात तो पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन डाव मांडणारा खेळाडू) आहे आणि उन्हाळ्यात शाळेबाहेरच्या एका एएयू (अमॅच्युअर ॲथलेटिक युनियन) संघाबरोबर स्पर्धांना जातो. माझ्या घराण्यात आजवर कोणी कॅरमपलीकडे स्पर्धात्मक काही खेळलेले नाही, त्यामुळे या व्यवहारात मी अगदीच नवखा आहे.

गेल्या महिन्यात एका डिव्हिजन वन (कॉलेज खेळांच्या तीन विभागांपैकी सर्वांत वरच्या) कॉलेजच्या नावाने त्याला पत्र आले. प्रमुख प्रशिक्षकाची सही, संघाचे बोधचिन्ह, ‘आम्ही तुझ्या प्रगतीकडे लक्ष ठेवून आहोत’ असा मजकूर आणि शेवटी ऑगस्टमधल्या शिबिराचे निमंत्रण व शुल्क. आजीने नागपूरहून फोन करून सगळ्यांना पेढे वाटल्याचे कळवले. त्याच सुमारास एका भरती-सल्लागार कंपनीने चार हजार डॉलर घेऊन त्याची माहिती शेकडो कॉलेजांना पाठवण्याचा प्रस्ताव दिला. एएयू संघाची वर्गणी, हॉटेले आणि प्रवास यांवर मागच्या वर्षी सहा हजारांहून अधिक खर्च झालाच आहे.

मुलाचे गुण उत्तम आहेत. अडचण दुहेरी आहे : एक तर त्याचा खेळ नेमका कोणत्या पातळीचा आहे हे आम्हाला कळत नाही, आणि दुसरे म्हणजे आम्ही अजून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असल्याने तो एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर आहे. ग्रीन कार्डाची रांग तुम्हाला ठाऊक आहेच. पत्राला किती महत्त्व द्यावे, कंपनीला पैसे द्यावेत का आणि व्हिसामुळे शिष्यवृत्तीचे दार बंद होते का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ : गार्डचा बाप

माझा मुलगा सध्या एका डिव्हिजन थ्री कॉलेजात तिसऱ्या वर्षाला खेळतो आणि तुम्ही वर्णिलेले पत्र आमच्याही फ्रिजवर चार महिने लटकत होते, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. शिबिराचे निमंत्रण ही भरती नव्हे. अशी पत्रे हजारोंच्या संख्येने जातात आणि शिबिराच्या शुल्कातून साहाय्यक प्रशिक्षकांच्या मिळकतीला हातभार लागतो. डिव्हिजन वनमध्ये मुलांच्या बास्केटबॉलसाठी सोफोमोर वर्षानंतरच्या १५ जूनपासून प्रशिक्षक खेळाडूला थेट फोन किंवा संदेश करू शकतात. ज्याला तुमचा मुलगा खरोखर हवा आहे तो त्या तारखेनंतर स्वतःच्या फोनवरून बोलेल, मुलाच्या एखाद्या विशिष्ट सामन्याचा उल्लेख करेल आणि तुमच्या शाळेच्या प्रशिक्षकालाही विचारेल. १५ जून उलटून गेला आणि फोन आला नाही, तर पत्राचा अर्थ आपोआप स्पष्ट होतो. तोपर्यंत आजींना काही सांगू नका. पेढे आधीच वाटले गेले आहेत त्याला इलाज नाही.

पातळीविषयी कटू वाटेल, पण आकडे पाहून घ्यावेत. अमेरिकेत शाळेसाठी बास्केटबॉल खेळणारी मुले पाच लाखांहून अधिक आहेत. त्यांतील शंभरात तीन-चार जण एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या तिन्ही विभागांत मिळून कोठेतरी खेळतात आणि डिव्हिजन वनमध्ये जेमतेम एक पोहोचतो. त्यातही आता शाळेतून येणाऱ्या मुलाची स्पर्धा केवळ समवयस्कांशी राहिलेली नाही. २०२१ पासून एकदा कॉलेज बदलले तरी वर्षभर बाहेर बसावे लागत नाही आणि २०२४ पासून अभ्यास समाधानकारक असेल तर कितीही वेळा बदलता येते. त्यामुळे मधल्या दर्जाच्या डिव्हिजन वन प्रशिक्षकासमोर एकीकडे तुमचा अठरा वर्षांचा मुलगा असतो आणि दुसरीकडे दुसऱ्या कॉलेजात तीन वर्षे खेळलेला, भरलेल्या अंगाचा बावीस वर्षांचा गार्ड. नोकरी टिकवायची असलेला माणूस कोणाला घेईल, हे सांगायला नको.

२०२५ मध्ये खेळाडू आणि एनसीएए यांच्यातील खटल्यात न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, तिच्यात सामील झालेल्या कॉलेजांना संघात पंधराच खेळाडू ठेवता येतात. पूर्वी शिष्यवृत्त्या तेरा असत, पण त्यांखेरीज स्वखर्चाने खेळणारी तीन-चार मुले बाकावर असत. वॉक-ऑन म्हणून आत शिरून पुढे शिष्यवृत्ती मिळवण्याची ती वाट आता बरीच अरुंद झाली आहे.

डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, हे खरे आहे. परंतु गुणवत्तेवर किंवा गरजेनुसार मदत मिळते आणि एमआयटी, शिकागो विद्यापीठ, एमोरी, ॲमहर्स्ट, विल्यम्स ही सगळी कॉलेजे याच विभागात आहेत. खेळाचा दर्जा सामान्य असेल असे मात्र समजू नका. डंकन रॉबिन्सन हा खेळाडू विल्यम्समध्ये एक वर्ष खेळला, तेथून मिशिगनला गेला आणि पुढे मायामी हीटकडून एनबीएची अंतिम फेरी खेळला. माझा मुलगा तसा निघेल या आशेवर मी नव्हतो. रॉबिन्सन सहा फूट सात इंच आहे आणि आम्ही कोकणस्थ.

उत्तर २ : शिट्टीवाला

मी टेक्सासमधील एका हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि मुलांच्या संघाचा साहाय्यक प्रशिक्षक आहे. त्या कंपनीला चार हजार डॉलर देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एकगठ्ठा पाठवलेली ईमेल कॉलेजचे प्रशिक्षक उघडतही नाहीत, आणि जी कंपनी शिष्यवृत्तीच्या रकमेवर टक्केवारी मागेल तिच्यापासून तर दूरच राहावे, कारण तसा करार मुलाची हौशी खेळाडू म्हणून असलेली पात्रताच धोक्यात आणतो.

कंपनी जे करणार ते मुलगा घरबसल्या करू शकतो. तीन-चार मिनिटांची चित्रफीत तयार करावी. पहिल्या तीस सेकंदांत त्याचे सर्वोत्तम खेळ असावेत, जर्सीचा क्रमांक ठळक दिसावा आणि मागे कर्कश संगीत नसावे. सोबत एका तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या पूर्ण सामन्याचा दुवा द्यावा, कारण चेंडू हातात नसताना पोरगा काय करतो, चूक झाल्यावर बचावाला धावतो की पंचाकडे पाहत राहतो, हे पूर्ण सामन्यातच दिसते. मग परवडतील, अभ्यासाला योग्य असतील आणि ज्यांच्या संघातील गार्ड पुढच्या दोन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडणार आहेत अशी पंचवीस-तीस कॉलेजे शोधून प्रत्येक प्रशिक्षकाला वेगळी ईमेल लिहावी. ती मुलानेच लिहावी. वडिलांच्या भाषेतली ईमेल मला एका वाक्यात ओळखू येते, मग त्यांना येणार नाही का?

खेळाची पातळी जाणून घ्यायची असेल तर शाळेच्या प्रशिक्षकाला एकांतात विचारा, ‘तुम्ही आजवर कॉलेजात पाठवलेल्या मुलांपैकी हा कोणासारखा आहे?’ ‘हा डिव्हिजन वनचा आहे का?’ असे विचारल्यास तो तुमचे मन राखील. वरच्या प्रश्नाला मात्र त्याला एखाद्या मुलाचे नाव घ्यावेच लागते.

अभ्यासाबाबत एक सूचना. गुण उत्तम असले तरी विषय मोजून घ्या. डिव्हिजन वनसाठी एनसीएएने मान्य केलेले सोळा मुख्य विषय आणि त्यांत चारपैकी किमान २.३ सरासरी लागते. त्यांपैकी दहा विषय बारावीचे वर्ष सुरू होण्याआधी पूर्ण व्हावे लागतात आणि त्या दहांतले सात इंग्रजी, गणित व विज्ञानाचे असावे लागतात. २०२३ पासून एसएटी या प्रवेश परीक्षेची अट एनसीएएने काढली आहे, पण कॉलेजची स्वतःची अट असू शकते. शाळेतला एखादा संगणकाचा वर्ग मान्य यादीत नसतो आणि ते बारावीत कळते. माझ्या एका विद्यार्थ्याचे घोडे नेमके तेथेच अडले होते.

उत्तर ३ : माईसाहेब

व्हिसाच्या प्रश्नावर लिहिते. मी वकील नाही, परंतु माझी मुलगी याच अवस्थेतून गेली आहे. दार बंद होत नाही. एच-४ वर पूर्णवेळ शिकता येते, कॉलेजच्या संघातून खेळता येते आणि खेळाची शिष्यवृत्तीही घेता येते, कारण ती नोकरी मानली जात नाही. मिळत नाही ती केंद्र सरकारची आर्थिक मदत. त्यामुळे डिव्हिजन थ्रीमधील खाजगी कॉलेजांत ‘आमच्याकडे भरपूर मदत मिळते’ असे प्रशिक्षक सांगतो तेव्हा तो बहुधा नागरिकांच्या मुलांविषयी बोलत असतो. बऱ्याच कॉलेजांत परदेशी नागरिकाने मदत मागितली की प्रवेशाच्या निर्णयावरच तिचा परिणाम होतो. ॲमहर्स्ट, बोडन आणि एमआयटी यांच्यासारखी थोडीच कॉलेजे गरज न पाहता प्रवेश देतात. प्रशिक्षकाला पहिल्या दोन फोनमध्येच व्हिसा सांगून टाकावा. आम्ही संकोचाने लपवला आणि सात महिने वाया घालवले.

दुसरी गोष्ट एकविसाव्या वाढदिवसाची. तुमचा मुलगा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात एकवीस पूर्ण करेल आणि तोवर ग्रीन कार्ड न आल्यास त्याला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावे लागेल. अर्जाला महिने लागतात, म्हणून विसाव्या वर्षीच तयारी सुरू करावी. संघ उन्हाळ्यात परदेश दौऱ्यावर निघाला तर परतण्यासाठी पासपोर्टवर व्हिसाचा वैध शिक्का लागतो. माझ्या मुलीने तो दौरा घरी बसून इन्स्टाग्रामवर पाहिला.

आणि २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे मिळवता येतात, त्याचा मोह आताच सोडा. एच-४ किंवा एफ-१ वर असताना येथे तसे काम करणे व्हिसाच्या स्थितीला धोका पोहोचवू शकते. काँगोहून आलेला केंटकी विद्यापीठाचा ऑस्कर शिबवे हा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला होता, तरी त्याने २०२२ मध्ये आपले जाहिरातींचे काम संघाबरोबर बहामाला गेल्यावर उरकले. तुमच्या मुलाला कोणी शंभर डॉलरचे बूट देऊन फोटो टाकायला सांगितले, तरी आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारावे.

एडिसनकर

तिघांचेही मनापासून आभार. कंपनीला आजच नकार कळवला. आणखी एक शंका : एएयूच्या प्रशिक्षकांनी सांगितले की पेन्सिल्व्हेनियातील एका डिव्हिजन टू कॉलेजच्या प्रशिक्षकाला ‘मुलगा फार आवडला आहे’. याला ऑफर समजावी का?

उत्तर ४ : गार्डचा बाप

समजू नये. ‘आवडला आहे’, ‘आमच्या यादीत आहे’, ‘येथे त्याला घर मिळेल’ ही सगळी गोड वाक्ये आहेत. डिव्हिजन टूमध्ये दहा शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम असते आणि ती तुकड्यांत वाटता येते. म्हणून ‘ऑफर’ हा शब्द उच्चारला गेला तरी वर्षाला नेमके किती डॉलर, किती वर्षांसाठी, आणि दुखापत झाली तर काय, हे विचारावे. तोंडी होकार दोन्ही बाजूंना बंधनकारक नसतो. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचा कागद असे, तो २०२४ मध्ये बंद झाला. आता कॉलेजचा लेखी आर्थिक मदतीचा करार हाच काय तो आधार.

शिवाय ज्याला मुलगा आवडला तो माणूस तेथे किती दिवस राहणार, हेही पाहावे. आपल्या शेजारच्या जर्सी सिटीचे सेंट पीटर्स विद्यापीठ आठवत असेल. २०२२ मध्ये एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत पंधराव्या मानांकनाचा तो संघ केंटकीला हरवून शेवटच्या आठांत पोहोचला. काही दिवसांतच प्रशिक्षक शाहीन हॉलोवे सीटन हॉल विद्यापीठात गेले आणि पाठोपाठ बरेचसे खेळाडूही इतरत्र पांगले. त्या वर्षी केवळ हॉलोवेंच्या शब्दावर होकार दिलेल्या एखाद्या मुलाच्या घरी काय बोलणे झाले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. आम्ही मुलाला एकच प्रश्न विचारत असू : गुडघा गेला आणि प्रशिक्षकही गेला, तरी याच कॉलेजात चार वर्षे शिकशील का? पहिल्या सहांपैकी चार कॉलेजे त्याने स्वतःच खोडली.

पेन्सिल्व्हेनियाच्या प्रशिक्षकाशी १५ जूननंतर मुलानेच बोलावे आणि २०२८ च्या हंगामात तुमच्याकडे किती गार्ड असतील, असे विचारावे. उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो ते ऐका, आणि येथे कळवा.